प्लॉट विकून रस्ता ओलांडायचा नसेल तर

आमच्या धंद्यात ‘निसर्गाच्या कुशीत’ हे शब्द ब्रोशरच्या पहिल्या पानावर असतात आणि ‘चित्रे केवळ कल्पनेसाठी’ हे शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. या दोन पानांच्या मध्ये काय काय करावं लागतं, ते इथे लिहितो आहे. नागपुरात अठरा वर्षं मी प्लॉट-फ्लॅटची दलाली करतो. मधल्या काळात भागीदारीत तीन छोटे लेआउटही पाडले, म्हणजे शेतजमीन घेऊन तिचे प्लॉट आखले. या कामात नव्याने येणारी पोरं ‘शाश्वत व्यवसाय’ म्हणजे काय विचारतात, तेव्हा मी सोलर पॅनलपासून सुरुवात करत नाही. ज्या काकांना प्लॉट विकला त्यांच्या मुलाच्या लग्नाला दहा वर्षांनी जाता येतं का, इथून करतो. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, समोरून जुना ग्राहक येताना दिसला की रस्ता ओलांडणारे दलाल मी पाहिलेत. एक-दोनदा मीही ओलांडला आहे.

पायरी १ : जागा नाकारायला शिका

कुठलीही जागा पहिल्यांदा पाहायची ती जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस चालू असताना, गाडी डांबरी रस्त्यावर ठेवून पायी. मे महिन्यात बेसा-पिपळा असो की काटोल रोड, सगळी जमीन सारखीच दिसते : तडकलेली आणि कोरडी. पाऊस पडला की कुठे डबकं राहतं, कुठून धार वाहते, कुठे बूट घोट्यापर्यंत रुततो, हे जमीन स्वतःच सांगते.

पावसाळा हुकला असेल तर गावाचा नकाशा काढा आणि त्यावर नाला शोधा. जागेवर नाला दिसत नसेल आणि नकाशावर असेल, तर तो बुजवलेला आहे. बुजवलेला नाला दहा-पंधरा वर्षांत एकदा तरी परत येतोच. मग उपग्रहाची जुनी चित्रं बघा, वर्षं मागे-मागे नेत. आणि शेवटी शेजारच्या शेतातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. त्याला विकायचं काही नसतं, म्हणून तो खरं बोलतो.

हे सगळं मी कुठे शिकलो ते सांगतो. २०१२ मध्ये पश्चिम नागपुरात नाल्याला लागून असलेल्या एका इमारतीत तळमजल्याचा फ्लॅट विकला. ग्राहक नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनी विचारलं, “भाऊ, पाणी तर नाही ना येत?” मी एप्रिलमध्ये नाला पाहिला होता, त्यात गाई चरत होत्या. तेच सांगितलं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलीमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं. काकांचा फोन सकाळी सहाला आला. शिवी दिली नाही. एवढंच म्हणाले, “भाऊ, तुम्ही म्हणाले होते ना, नाल्यात गाई चरतात म्हणून?”

तेव्हापासून नियम असा. सरकारी नकाशावर पुराच्या दोन रेषा असतात, निळी नदीला जवळची आणि लाल त्याबाहेरची, मोठ्या पुराची. निळ्या पूररेषेच्या आतली जागा दाखवायचीच नाही, कमिशन कितीही असो. निळ्या आणि लाल रेषेच्या मधली असेल, किंवा रेषेबाहेर असूनही आजूबाजूपेक्षा खोल असेल, तर ते ग्राहकाच्या फाइलमध्ये लिहून द्यायचं आणि खाली माझी सही. तोंडी सांगितलेलं कोणाला आठवत नाही. मलाही आठवलं नसतं.

दुसरी परीक्षा मातीची. जागेच्या दोन-तीन कोपऱ्यांत खड्डा खणा आणि काळी माती किती फुटांवर संपते, मुरूम कुठे लागतो ते मोजा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि घराच्या भिंतींना तिरप्या भेगा पाडते. पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागणार असेल तर तो खर्च ग्राहकाला प्लॉटच्या भावासोबतच सांगा. स्वस्त प्लॉट आणि महाग पाया ही जोडी पूर्वीपासून चालत आलेली आहे. प्लॉट विकणाऱ्याला पहिली बाजू माहीत असते, घर बांधणाऱ्याला दुसरी.

तिसरी गोष्ट फक्त आपल्या पूर्व विदर्भातली : झुडपी जंगल, म्हणजे जुन्या महसुली नोंदीत याच नावाने लिहिलेली खुरट्या झुडपांची जमीन. सातबारावर किंवा जुन्या अभिलेखात हे दोन शब्द दिसले की थांबा. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात या जमिनी वनजमीन म्हणूनच धरल्या जातील असं स्पष्ट केलं. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी सक्षम अधिकाऱ्याने केलेल्या वाटपाचा विचार वेगळा आहे, पण तोही केंद्राच्या मंजुरीच्या वाटेने जातो. ‘वरती बोलणं झालंय’ म्हणणारा मालक भेटला तर चहा प्या आणि निघा.

पायरी २ : कागदांची एकपानी यादी, ‘होऊन जाईल’ वगळून

‘होऊन जाईल’ हे नागपुरातलं सगळ्यात महागडं वाक्य आहे. एनए (अकृषिक परवानगी) होऊन जाईल, आरएल (नियमितीकरणाचं पत्र) होऊन जाईल, रस्ता होऊन जाईल. माझ्या ऑफिसात हे वाक्य बोलायला बंदी आहे. त्याऐवजी आम्ही प्रत्येक जागेसाठी एक पान भरतो. डावीकडे कागदाचं नाव, उजवीकडे तीनच रकाने : आहे, नाही, अर्ज केला आहे. अर्ज केला असेल तर तारीख आणि पोचपावतीची प्रत.

या पानावर काय काय असावं? शेतजमिनीतून आलेला प्लॉट असेल तर मौजा, खसरा नंबर, पटवारी हलका नंबर, चालू सातबारा आणि निदान तीस वर्षांचे फेरफार. भोगवटदार वर्ग एक की दोन, हे ठळक अक्षरात लिहा. वर्ग दोनची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही आणि हे ग्राहकाला बहुतेक वेळा रजिस्ट्रीच्या टेबलावर कळतं. जुन्या शहरातलं घर असेल तर आखीव पत्रिका. ती नझूलची, म्हणजे सरकारने भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीची, निघाली तर पट्ट्याची मुदत कधी संपते आणि नूतनीकरण झालं का, हेही. मग मंजूर नकाशा : महानगरपालिकेचा, नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यास) की एनएमआरडीएचा (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). तिघांच्या हद्दी लोकांना कळत नाहीत, म्हणून नकाशावरचा शिक्का आणि क्रमांक वाचून दाखवा.

आता आपल्या शहराचं खास दुखणं. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत अनेक गृहनिर्माण सोसायट्यांनी शेतजमिनी घेऊन, साध्या कागदावर चौकटी आखून, हप्त्यांवर प्लॉट विकले. काहींनी एकच चौकट दोघांना विकली. त्या लेआउटांना सरळ करण्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आला, आणि ‘५७२’ व ‘१९००’ हे आकडे, म्हणजे नियमित करायला घेतलेल्या लेआउटांच्या दोन गटांची संख्या, नागपूरकरांच्या बोलण्यात लेआउटांची आडनावं असावीत तसे रुळले. अशा प्लॉटबद्दल तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. डिमांड नोट, म्हणजे नियमितीकरणाचे पैसे भरायची नोटीस, निघाली का? ती भरली का? आरएल हातात आहे का? ‘डिमांड भरली आहे’ आणि ‘आरएल आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीत त्या एकच करून टाकतात. सोबत मोजणी करून चारही खुंट्या जागेवर दाखवा, कारण कागदावरचा प्लॉट आणि जमिनीवरचा प्लॉट यांची भेटच झालेली नसते असं बरेचदा घडतं.

रेरा, म्हणजे घर-प्लॉट घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, याबद्दल थोडक्यात. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा आणि आठपेक्षा जास्त घरं असतील तर नोंदणी लागते, आणि हा नियम प्लॉटच्या लेआउटलाही आहे. आपल्याकडे नेमक्या आठ फ्लॅटच्या इमारती इतक्या का दिसतात, याचं उत्तर इथे आहे. अशी इमारत बेकायदा नाही. पण तिथे रेराचं संरक्षण मिळणार नाही हे ग्राहकाला सांगणं आपलं काम आहे. नोंदणी असलेल्या प्रकल्पात लेखी, नोंदवलेल्या कराराशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत, आणि ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरला तो स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करावा लागतो. दलालांसाठीही महारेराने, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, परीक्षा आणि प्रमाणपत्र सक्तीचं केलं. मी ती परीक्षा पन्नाशीला टेकलो असताना दिली. मुलीने अभ्यास घेतला.

पायरी ३ : शेतकऱ्याचे पैसे आधी

लेआउट बिघडण्याचं मूळ माझ्या मते कागदातही नसतं. ते शेतकऱ्याच्या व्यवहारात असतं. पद्धत ठरलेली : पाच एकरांचा सौदा, बयाणा म्हणून थोडे पैसे, उरलेले ‘प्लॉट विकले की’. दुसऱ्या दिवशी शेतावर रंगीत पाटी लागते. लोक हप्ते भरू लागतात. प्लॉट विकले गेले नाहीत तर शेतकरी अडतो, कोर्टात जातो, आणि हप्ते भरलेला माणूस मधल्या मध्ये लटकतो.

म्हणून छोटी जमीन घ्या, पण पूर्ण घ्या. विक्रीपत्र आपल्या नावावर झाल्याशिवाय एकही प्लॉट बुक करायचा नाही. पुरेसे पैसे नसतील तर पाचाऐवजी दीड एकर. मूळ मालकाच्या कुटुंबातल्या सगळ्यांच्या, बहिणींच्याही, सह्या घ्या. बहिणींना नंतर ‘उभं करतात’ असं लोक कुजकटपणे बोलतात. खरं तर हक्क त्यांचा असतोच, विचारलेलं नसतं. आमच्या तिसऱ्या लेआउटच्या वेळी मूळ मालकाला त्याच्याच शेतातले दोन प्लॉट पैसे घेऊन नाही, व्यवहाराचा भाग म्हणून दिले. आज त्याचा मुलगा तिथेच राहतो आणि रस्त्यावर कोणी मलबा टाकला तर पहिला फोन मला त्याचाच येतो.

रोखीचं काय? स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे. सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळे ‘अर्धे इकडून, अर्धे तिकडून’ म्हणतात. मी पूर्ण चेकवर आलो त्या वर्षी माझे चार-पाच सौदे गेले. त्यानंतर मात्र बँकेतून कर्ज घेणारे नोकरदार ग्राहक माझ्याकडे वाढले, कारण त्यांना पूर्ण किमतीची रजिस्ट्री हवी असते. अर्ध्या किमतीच्या रजिस्ट्रीवर पूर्ण कर्ज कुठली बँक देईल?

पायरी ४ : लेआउट पाडताना पाणी आणि झाड

एक एकर, म्हणजे ०.४ हेक्टर, किंवा त्याहून मोठ्या जागेच्या लेआउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती कोपऱ्यातल्या तिरकस, खोलगट तुकड्यात ढकलू नका. उलट करा : जमिनीचा उतार जिथे उतरतो तिथे मोकळी जागा घ्या, पण ती सपाट आणि लांब-रुंद ठेवा, म्हणजे पावसाळ्यात पाणी जिरेल आणि उरलेले आठ महिने पोरं खेळतील. पीयूची जागा, सार्वजनिक उपयोगाची, कधीच विकू नका. नागपुरात ती विकली गेल्याची प्रकरणं लोक वर्षानुवर्षं लढतात, आणि भोगतात ती तिथे घर बांधून राहणारी माणसं.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. नागपुरात वर्षाला साधारण ११०० मिलीमीटर पाऊस पडतो. एक हजार चौरस फुटांच्या गच्चीवर त्यातून जवळपास एक लाख लिटर पाणी येतं. गळती-बाष्प सोडून ऐंशी हजार धरा. नियमानुसार ५०० चौरस मीटर किंवा मोठ्या भूखंडावर पाणी जिरवण्याची सोय सक्तीची आहे. पण नागपुरातले बहुतेक प्लॉट हजार-दीड हजार चौरस फुटांचे, म्हणजे नियमाच्या बाहेर. म्हणून प्रत्येक घराला वेगळा खड्डा मागण्यापेक्षा लेआउटच्याच दोन-तीन ठिकाणी सामाईक शोषखड्डे करा.

यात लोक एकच चूक करतात : खड्डा काळ्या मातीतच संपवतात. काळ्या मातीतून पाणी जवळजवळ उतरत नाही. मग खड्ड्याचा डासांचा हौद होतो आणि पुढच्या वर्षी कोणीतरी त्यावर सिमेंटचं झाकण ओततो. खड्डा काळी माती ओलांडून मुरमात किंवा झिजलेल्या खडकात गेला पाहिजे. तळाला मोठे दगड, मग गिट्टी, वर रेती. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायची सोय ठेवा आणि गटार लाइनपासून खड्डा लांब ठेवा. दरवर्षी जूनच्या आधी वरची रेती उपसून धुवायची. हे काम कोण करणार, ते लेआउट विकून होण्याआधी ठरवा.

झाडांचं म्हणाल तर आधी असलेली वाचवा. शेताच्या धुऱ्यावरची (बांधावरची) कडुनिंब, चिंच, आंबा ही झाडं नकाशावर टिंब मारून दाखवा आणि रस्ता त्यांच्या बाजूने वळवा. शहरी हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या कायद्याने परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडांना वेगळं संरक्षण आहे. नवी लावायची तर करंज, कडुनिंब, बहावा, जांभूळ. वड-पिंपळ फक्त मोकळ्या जागेत, घरांच्या पायापासून लांब. पहिल्या दोन उन्हाळ्यांचा टँकर आणि माळी यांचे पैसे प्लॉटच्या किमतीतच धरा. आमच्या पहिल्या लेआउटमध्ये आम्ही धरले नव्हते. ब्रोशरमध्ये साठ झाडं होती, तिसऱ्या वर्षी जागेवर अकरा.

पायरी ५ : घर उन्हासाठी बांधा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नागपूरचं ऊन ही आपली खरी कसोटी आहे. २३ मे २०१३ ला शहरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. असं असून आपल्याकडे घरं मुंबईच्या नकाशावर बांधतात आणि मग पश्चिमेच्या बेडरूममध्ये दीड टनाचा एसी लावतात.

पश्चिमेला जिना, संडास-बाथरूम, कोठीची खोली टाका. झोपायच्या खोल्या तिकडे जातच असतील तर ती भिंत जाड करा, नऊ इंची, किंवा मध्ये पोकळी ठेवून दुहेरी, किंवा हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या एएसी ब्लॉकची. खिडकीवर दोन फुटांचा सज्जा. चार इंची भिंत आणि मोठी काच ही पश्चिमेला गुन्हा समजा.

विटांबद्दल एक गैरसमज दूर करतो. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख आपल्या दारात आहे आणि तिच्यापासून बनलेल्या फ्लाय ॲश विटा वापरल्या पाहिजेत, कारण सुपीक माती भट्टीत जाळण्यापेक्षा ते बरं. पण ‘फ्लाय ॲश वीट म्हणून घर थंड’ हे विक्रेत्याचं बोलणं आहे. थंडावा येतो भिंतीच्या जाडीतून, पोकळीतून आणि सावलीतून. हेच रेतीचं : कन्हानच्या रेतीला पर्याय म्हणून यंत्राने बनवलेली रेती चालते, पण चाळणी तपासलेली घ्या. नदीची घेणार असाल तर वाहतूक परवान्याची प्रत मागा आणि फाइलला लावा. मध्यरात्री येणारी रेती स्वस्त का असते हे सांगायला नको.

गच्चीवर पांढरं चिनी मोझॅक किंवा निदान पांढरा परावर्तक रंग. खर्च किरकोळ, फरक वरच्या मजल्यावरच्या माणसाला पहिल्याच एप्रिलमध्ये कळतो.

आणि कूलर! नागपुरात घर विकायचं आणि कूलरची जागा ठेवायची नाही, हे मला कधी समजलं नाही. प्रत्येक खोलीच्या बाहेरच्या भिंतीला कूलरचा ओटा किंवा पक्कं स्टँड, शेजारी नळ, बटण आणि पाणी निघायला नाली. समोरच्या भिंतीत हवा बाहेर जायला झरोका, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठतो. कूलर साधारण दोनशे वॅटवर चालतो, दीड टनाचा एसी पंधराशेच्या आसपास. आमच्या एका इमारतीत या सोयीसाठी फ्लॅटमागे जो खर्च आला तो बिल्डरच्या डोक्यात भरत नव्हता. मी त्याला त्याच्याच जुन्या इमारतीखाली नेऊन उभं केलं, जिथे चौथ्या मजल्यावर गंजलेल्या अँगलवर कूलर लटकत होता आणि खाली मुलं सायकल चालवत होती.

सोलरचं गणित आता सोपं झालंय. २०२४ च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरगुती छतासाठी एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान आहे. महत्त्वाचा भाग वेगळाच आहे : अपार्टमेंटची गच्ची वरच्या फ्लॅटवाल्याला ‘टेरेस राइट्स’ म्हणून विकू नका. ती सामाईक राहिली तरच लिफ्ट आणि पाण्याच्या मोटरचं बिल सोलरवर जाईल.

पायरी ६ : आडनाव विचारायचं नाही

हे लिहावं की नाही यावर दोन दिवस घालवले. आपल्या धंद्यात फोनवर दुसरा प्रश्न असतो, “पूर्ण नाव काय म्हणालात?” आणि त्यानंतर जागा ‘कालच गेली’. दीक्षाभूमीच्या शहरात हे रोज घडतं. मीही वर्षानुवर्षं मालकाच्या अटी ग्राहकापर्यंत गोड भाषेत पोचवल्या. आता आमच्या भाड्याच्या नोंदवहीत जात-धर्म-जेवण असा रकानाच नाही. मालकाला आधीच सांगतो : भाडं देण्याची ऐपत, पोलीस पडताळणी, आधीच्या मालकाचा फोन, एवढं तपासून देईन. बाकी चाळणी हवी असेल तर दुसरा दलाल बघा. काही मालक गेले. मनीषनगरच्या एका काकूंनी मात्र वर्षभराने स्वतः फोन करून दुसरा फ्लॅटही माझ्याकडे दिला.

पायरी ७ : साइटवरची माणसं, आणि जाहिरात

ठिय्यावरून (मजूर-नाक्यावरून) आणलेला मजूर एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार काम करणार नाही, हे ठेकेदाराच्या करारात लिहा. सकाळी सहाला सुरू करा. सावली, थंड पाणी, बायकांसाठी दार लागणारं संडास. बांधकाम मजूर मंडळात वर्षात ९० दिवस काम केलेल्याची नोंदणी होते, त्यासाठीचं प्रमाणपत्र मागितल्याबरोबर द्या. ते द्यायला पैसे लागत नाहीत, पण आळस फार.

जाहिरातीत मिनिटं लिहू नका, किलोमीटर लिहा. ‘मिहान १० मिनिटे’ ही वेळ पहाटे तीनची असते. १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा क्यूआर कोड लागतो. तो स्वतः स्कॅन करून बघा, ग्राहकाच्या आधी.

पायरी ८ : दुसरा पावसाळा

रजिस्ट्री झाली की पेढे देऊन मोकळं व्हायची पद्धत आहे. पेढे द्या, सोबत एक जाड फाइलही द्या : ते एकपानी कागद, मोजणीची प्रत, मातीच्या खड्ड्यांची मापं, पाइप आणि वायरिंग भिंतीत कुठून गेलं त्याचे प्लास्टरआधीचे फोटो, शोषखड्ड्यांची जागा. फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र आणि अपार्टमेंटचं डीड ऑफ डिक्लरेशन (कुठला भाग कोणाचा आणि कुठला सामाईक हे सांगणारा नोंदवलेला दस्त), कारण सदस्यांनी ते कधी पाहिलेलंच नसतं.

मग आपल्या डायरीत पुढच्याच नव्हे, त्याच्या पुढच्या वर्षीच्या जुलैची तारीख टाका. पहिल्या पावसाळ्यात नवं घर सहसा गळत नाही आणि माती अजून बसलेली नसते. भेगा, ओल, साचलेलं पाणी, खरी तक्रार दुसऱ्या पावसाळ्यात निघते. त्या तारखेला फोन करायचा, स्वतः. यंदा माझ्या यादीत सतरा फोन आहेत. नाल्याकाठच्या त्या काकांचा नंबर त्यात दरवर्षी पहिला असतो. त्यांनी आता तळमजला भाड्याने दिलाय आणि भाडेकरूला पाण्याचं सगळं आधीच सांगितलंय, असं ते मला मुद्दाम सांगतात.